लेकराला ठसका लागला? या चुका टाळा

ठसका थांबला म्हणजे श्वासनळीत अडकलेला दाणा निघून गेला, असं समजणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

माझ्या दीड वर्षाच्या पुतण्याचं तेच झालं. वहिनी वावरात, माय अंगणात भुईमुगाची फल्ली फोडत बसलेली. पोरानं दाणे तोंडात टाकले आणि तेवढ्यात हसला. जोराचा ठसका लागला, डोळे पाण्यानं भरले. मायनं पाठ थोपटली, थोड्या वेळानं पोरगं पुन्हा खेळायला लागलं. पुढे तीन महिने खोकला आणि ताप. बाटली संपली की पुन्हा खोकला. कोणी दमा म्हणे, कोणी टीबी. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "मधल्या काळात कधी ठसका लागला होता का?" तेव्हा मायला तो दिवस आठवला.

म्हणून ठसक्याची गोष्ट न विचारताही सांगा. एक्स-रे साफ आला म्हणून निश्चिंत होऊ नका. फल्लीदाणा, हरभरा, चिंचोका त्यात दिसत नाहीत. एकाच बाजूला घरघर, त्याच बाजूला पुन्हा पुन्हा निमोनिया होत असेल तर श्वासनळीच्या दुर्बिणीच्या तपासणीबद्दल विचारा. भूल देऊन दुर्बिणीनंच दाणा काढतात.

थांबण्यात धोका आहे. दाण्याच्या तेलानं श्वासनळी सुजते, हरभरा ओलाव्यानं फुगतो. मागे कफ तुंबतो, पू होतो आणि हे महिनोन्‌महिने चाललं तर नळ्या कायमच्या रुंदावतात. मग दाणा निघाला तरी खोकला आणि कफ मागे राहू शकतो. लवकर काढला तर फुप्फुस बहुतेक वेळा पूर्ण सावरतं.

घशात आंधळेपणानं बोट घालू नका, दाणा आणखी खाली जातो. दाणा ढकलायला केळं, भात भरवू नका. लेकरू जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर वर्षाच्या आतलं लेकरू हातावर पालथं धरा, डोकं खाली ठेवून पाठीवर ५ थापा मारा, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं ५ दाब द्या. मोठ्या लेकराला ५ थापांनंतर बेंबीच्या वर ५ दाब. हे आलटूनपालटून चालू ठेवा, दुसऱ्यानं १०८ लावायचा.

दाणा निघाल्यावर 'बरं झालं' म्हणून पुढच्या तपासण्या सोडू नका. आमच्याकडं कापूस वेचणीच्या गडबडीत एक तारीख हुकलीच होती, वहिनीनं मजुरी पाडून पुढच्या आठवड्यात नेलं. माय आता चार वर्षांखालच्या लेकरांना दाण्याचा बारीक कूटच देते.