सीए इंटर: तास भरतात, लेक्चर संपतात, तरी पेपर का सुटत नाही?

सीए इंटरचा, म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट होण्याच्या वाटेवरच्या मधल्या परीक्षेचा, निकाल लागला की एक तक्रार हमखास ऐकू येते: 'सगळं झालं होतं, दोन रिव्हिजनही झाल्या होत्या, पण पेपरात सुचलंच नाही.' असं म्हणणारी मुलं आळशी नसतात. सकाळी सातला अभ्यासिकेत शिरून रात्री दहाला बाहेर पडणारी असतात. म्हणून त्यांना 'अजून मेहनत कर' असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. मेहनत भरपूर आहे, ती चुकीच्या कामावर खर्च होते आहे.

आधी परीक्षा काय मागते ते बघू. दोन ग्रुप, सहा पेपर, प्रत्येकी १०० गुण. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपच्या एकूण गुणांत किमान ५० टक्के. १०० पैकी ३० गुण एमसीक्यूंना (बहुपर्यायी प्रश्नांना), ७० लेखी उत्तरांना. पुस्तक मिटलेलं, घड्याळ चालू आणि समोर कोरा कागद असताना हातून काय उतरतं, तेवढंच इथे मोजलं जातं. अभ्यासाची कुठलीही पद्धत याच कसोटीवर घासून बघायला हवी. किती तास बसलो आणि किती लेक्चर संपवली हे आकडे मनाला बरे वाटतात, पण निकालाबद्दल फारसं काही सांगत नाहीत.

लेक्चर बघितलं की चॅप्टर झाला असं धरणं

ही सगळ्यांत मोठी चूक. दीडपट, दुप्पट वेगाने लेक्चर बघायची सोय झाल्यापासून ती आणखी वाढली आहे. ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगमधला कॅश फ्लो घ्या. प्लँट विकून झालेला नफा ऑपरेटिंग ॲक्टिव्हिटीजमधून वजा का केला, हे सर फळ्यावर दाखवतात तेव्हा लगेच पटतं. पुढची ओळ काय येणार हेही आधीच कळतं. दोन दिवसांनी तसाच सम (गणिती प्रश्न) समोर येतो, त्यात प्लँटऐवजी गुंतवणूक विकलेली असते, आणि हात थांबतो. दुसऱ्याने मांडलेलं ओळखणं आणि स्वतः मांडणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं करून दुसरं आपोआप येत नाही.

यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. २००६ साली अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काही उतारे पुन्हा पुन्हा वाचायला सांगितले, काही वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहायला सांगितले. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचलेलं जास्त आठवत होतं. आठवड्याने तपासलं तेव्हा चित्र उलटं झालं, आठवून लिहिलेलं जास्त टिकलं होतं. रात्री झोपताना 'आज छान झालं' असं का वाटतं आणि पेपरात तेच का सापडत नाही, याचं उत्तर यातच आहे.

उपाय साधा आहे, पण कंटाळवाणा आहे. लेक्चर संपल्यावर वही मिटायची आणि त्यातला एक सम पहिल्या ओळीपासून कोऱ्या कागदावर सोडवायचा. अडलात तर पाच मिनिटं अडूनच राहा, लगेच सोल्यूशन उघडू नका. नक्की कुठे अडलो हे त्या पाच मिनिटांतच कळतं. अकाउंट्स आणि कॉस्टिंगला जितका वेळ लेक्चरला दिला, किमान तितका स्वतः सोडवण्याला द्यायला हवा असं माझं ठाम मत आहे. तेवढा वेळ उरत नसेल तर लेक्चर कमी करा.

सहाही विषय एकाच पद्धतीने करणं

एखाद्याला सम सोडवायची सवय असते, तो लॉ नुसता वाचून जातो. एखादी सुंदर नोट्स काढते, ती कॉस्टिंगच्याही सुंदर नोट्स काढते. दोघांचाही अर्धा अभ्यास वाया जातो.

लॉचं उदाहरण सविस्तर बघू, कारण गोंधळ इथे जास्त होतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मधले सीएसआरचे (कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चाचे) आकडे बहुतेकांना पाठ असतात: नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी, निव्वळ नफा ५ कोटी. आता प्रश्न असा येतो: कंपनीची मागच्या आर्थिक वर्षाची उलाढाल ९०० कोटी, निव्वळ नफा ६ कोटी, सीएसआर लागू होतो का? नुसते आकडे पाठ केलेला विद्यार्थी ९०० कोटींपाशी अडखळतो. ज्याने कलमातला 'यांपैकी कोणताही एक' हा भाग नीट वाचलाय, तो नफ्याकडे बघून हो म्हणतो. पुढे तीन वर्षांचा सरासरी नफाही ६ कोटीच धरला, तर त्याचे २ टक्के म्हणजे १२ लाख. ही रक्कम ५० लाखांच्या आत आहे, म्हणून वेगळी सीएसआर समिती नेमायची सक्ती नाही, ते काम संचालक मंडळ करतं. एका कलमावरचा हा प्रश्न, पण त्यातले तीन टप्पे वाचून हाताशी येत नाहीत. असे पाच-सहा प्रश्न स्वतः लिहून काढावे लागतात: आधी तरतूद, मग दिलेली वस्तुस्थिती तिला लावून दाखवणं, मग निष्कर्ष. कलमाचा क्रमांक नक्की आठवत नसेल तर चुकीचा ठोकून देऊ नका, 'कंपनी कायदा, २०१३ मधील तरतुदीनुसार' असं लिहून पुढे जा.

कॉस्टिंग आणि एफएमची (फायनान्शियल मॅनेजमेंटची) दुखणी वेगळी. चॅप्टरच्या मागचे सम सुटतात, कारण वर चॅप्टरचं नाव छापलेलं असतं. पेपरात ते नसतं. त्यामुळे चार चॅप्टर झाले की त्यांचे सम सरमिसळ करून सोडवायला हवेत. सुरुवातीला वेग कमी होईल आणि चुका वाढतील, त्याने घाबरू नका. कुठल्या प्रश्नाला कुठली रीत लावायची हे ठरवण्याचा सराव याच वेळी होत असतो.

टॅक्सबद्दल एवढंच सांगतो की त्यात लॉ आणि गणित दोन्ही आहे. फक्त सम करणारे अटी विसरतात आणि फक्त वाचणारे कॉम्प्युटेशनमध्ये वेळ घालवतात.

मराठीत समजलेलं इंग्रजीत पाठ करणं

इंटरचे पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतात, मराठीत नाही. मराठी माध्यमातून आलेली बरीच मुलं यावर मार्ग म्हणून ऑडिटची इंग्रजी वाक्यं जशीच्या तशी पाठ करतात. मधला एक शब्द निसटला की अख्खा परिच्छेद निसटतो.

त्यापेक्षा आधी आपल्या भाषेत गोष्ट पक्की करा. एसए ५०५ हे ऑडिटचं मानक घ्या, विषय बाहेरून मिळवलेली पुष्टी. इचलकरंजीतल्या सूत व्यापाऱ्याची वही म्हणते, अमुक गिऱ्हाइकाकडून ४० लाख येणं आहे. ऑडिटर त्या गिऱ्हाइकाला पत्र पाठवतो आणि उत्तर थेट स्वतःकडे मागवतो. व्यापाऱ्याच्या हातून का नाही? कारण मधे फेरफार होऊ शकतो. उत्तर आलंच नाही तर? मग नंतर पैसे जमा झाले का, माल पाठवल्याची कागदपत्रं आहेत का, हे तपासायचं. एवढं एखाद्या मित्राला मराठीत मोठ्याने सांगता आलं की कन्फर्मेशन रिक्वेस्ट, नॉन-रिस्पॉन्स, अल्टरनेटिव्ह प्रोसिजर्स हे शब्द आपापल्या जागी बसतात. पाठ करायचे ते हे शब्द. वाक्य तुमचं स्वतःचं, साधं आणि छोटं असू द्या. इंग्रजी साधं आहे म्हणून लाजू नका, मुद्दा स्पष्ट आणि योग्य शब्दांत असला की पुरतं.

संपवलेला चॅप्टर दोन महिने न उघडणं

'आधी सिलॅबस संपवू, मग रिव्हिजन' हे ऐकायला शिस्तीचं वाटतं. प्रत्यक्षात सहावा विषय संपेपर्यंत पहिला जवळजवळ नवा झालेला असतो आणि रिव्हिजनच्या नावाखाली तो पुन्हा शिकावा लागतो. त्याऐवजी चॅप्टर झाल्यावर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि साधारण तीन आठवड्यांनी त्याला परत हात लावा. प्रत्येक वेळी अर्धा तास पुरतो, पण त्या अर्ध्या तासात वाचायचं नाही, आठवून लिहायचं किंवा एक सम करायचा. रोजच्या वेळापत्रकात सकाळचा पहिला तास यासाठीच ठेवला तर नवीन चॅप्टर त्याला ढकलून देत नाही.

जुन्या नोट्सवर विसंबणं

अकाउंट्सच्या सिनियरच्या नोट्स एकवेळ चालतील, टॅक्सच्या चालणार नाहीत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी प्राप्तिकर कायदा, २०२५ आला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, 'प्रीव्हियस इयर' आणि 'असेसमेंट इयर' जाऊन 'टॅक्स इयर' आलं. जीएसटीचे दरही २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले. तुमच्या अटेम्प्टला नेमका कुठला कायदा आणि कुठल्या तारखेपर्यंतचे बदल लागू आहेत, हे आयसीएआय, म्हणजे ही परीक्षा घेणारी संस्था, जाहीर करते. ते अभ्यासाच्या पहिल्याच दिवशी बघून घ्या. स्टडी मटेरियल, आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर) आणि मॉक टेस्ट पेपर आयसीएआयच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. त्यातल्या आरटीपीमध्ये त्या अटेम्प्टचे बदल दिलेले असतात, तो शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका.

टॉपरचं टाइमटेबल उचलणं

कोणी पहाटे चारला उठून पहिला आला म्हणून तुम्ही चारला उठू नका. तुमची पद्धत तुम्हालाच तपासून ठरवता येते. साधारण सारख्या अवघड वाटणाऱ्या दोन चॅप्टरांना सारखाच वेळ द्या. एक नेहमीच्या पद्धतीने करा, दुसरा कोऱ्या कागदाच्या पद्धतीने. आठवड्याने दोन्हींवरचे आरटीपीतले प्रश्न घड्याळ लावून सोडवा आणि स्वतःचे गुण बघा. मित्राच्या सल्ल्यापेक्षा हे गुण जास्त खरं बोलतात.

पूर्ण पेपर न लिहिणं, आणि लिहिला तरी नुसते गुण बघणं

तीन तासांत १०० गुण म्हणजे एका गुणाला पावणेदोन मिनिटांपेक्षा किंचित जास्त. १४ गुणांच्या प्रश्नाला साधारण २५ मिनिटं. हा हिशेब घरी माहीत असून उपयोगाचा नाही, तो हाताला माहीत व्हावा लागतो. त्यासाठी पेपर दुपारी २ ते ५ याच वेळेत लिहा. सुरुवातीच्या वाचनाच्या १५ मिनिटांत कुठला पर्यायी प्रश्न सोडायचा हे ठरवायची सवय लावा. एमसीक्यूंना 'ते तर होतीलच' म्हणून सोडू नका. केस सिनॅरिओ वाचून उत्तर काढायला वेळ लागतो. आणि इंटरला चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही रिकामं ठेवायचं कारण नाही.

पेपर झाल्यावरचं काम त्याहून मोलाचं. ४२ मिळाले की ५१, यावर हळहळत बसण्याऐवजी गेलेला प्रत्येक गुण चारपैकी कुठल्या कारणाने गेला ते समासात लिहा.

विषयच कळला नव्हता? मग सराव करून उपयोग नाही, तेवढा भाग परत शिका. कळला होता पण आठवला नाही? मग परत शिकू नका. लेक्चर पुन्हा लावणं इथे शुद्ध वेळेचा नाश आहे, आठवून लिहायचे फेरे वाढवा. आठवलं, पण वेळ पुरला नाही? मग एकेक प्रश्न २५ मिनिटं लावून सोडवा आणि वर्किंग नोट्स आटोपशीर करा. प्रश्न चुकीचा वाचला किंवा बेरीज चुकली? मग नेमकी कुठली चूक परत परत होते त्याची छोटी यादी करून पुढच्या पेपराआधी ती वाचा.

चार दुखण्यांना चार औषधं लागतात. बहुतेक जण चारही वेळा 'अजून एक रिव्हिजन' हेच औषध घेतात.

ग्रुपचा निर्णय भीतीपोटी घेणं

दोन्ही ग्रुप एकत्र दिले तर एकूण गुणांचा फायदा मिळतो. समजा पहिल्या ग्रुपात १४० आणि दुसऱ्यात १६५ मिळाले आणि प्रत्येक पेपरात ४० च्या वर आहेत, तर ६०० पैकी ३०५ झाले आणि दोन्ही ग्रुप सुटले. पहिला एकटाच दिला असता तर १५० ला १० कमी पडून तो राहिला असता. पण हे गणित पेलण्याइतकी सहाही विषयांची तयारी हवी. मॉकमध्ये दोन-तीन विषय ४० च्या खालीच असतील तर एकच ग्रुप नीट करणं शहाणपणाचं. ग्रुपचे सगळे पेपर देऊन तो राहिला, पण एखाद्या पेपरात ६० किंवा जास्त असतील, तर पुढच्या तीन परीक्षांसाठी त्या पेपराचं एक्झम्प्शन, म्हणजे तो पुन्हा न देण्याची सूट, मिळतं. नेमकी ही संधी 'उरलेले पेपर आता देऊन काय फायदा' म्हणत मधेच परीक्षा सोडणारे घालवतात. एक पेपर वाईट गेला तरी पुढचे देऊन या.

निकाल विरोधात गेला की लगेच नवा क्लास लावणं

नवी फॅकल्टी आली की पुन्हा पहिल्या लेक्चरपासून सुरुवात होते आणि तीच जुनी चूक नव्या फीसह परत येते. त्याआधी आपल्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत आयसीएआयकडून मागवा, ठरावीक मुदतीत अर्ज करून ती मिळते. शेजारी सजेस्टेड आन्सर्स (आयसीएआयची नमुना उत्तरं) ठेवा आणि वरच्या चार कारणांत गेलेले गुण वाटा. ज्या विषयात 'कळलंच नव्हतं' हा ढीग सगळ्यांत मोठा निघेल, त्या विषयाला शिकवणी लावायला हरकत नाही. बाकीच्यांना कोरे कागद, घड्याळ आणि मॉक पेपर पुरतात. उत्तरपत्रिका हातात यायला काही दिवस लागतील. त्या दिवसांत एक्झम्प्शन न मिळालेल्या पेपरांतला एकेक चॅप्टर न बघता लिहून बघा, म्हणजे काय शिल्लक आहे त्याचा अंदाज पुढचा फॉर्म भरण्याआधीच येईल.