टीएमएसची तीस सेशन्स: जाण्याआधी आणि जाताना

मी मुद्रितशोधनाचं काम करते. माझं डिप्रेशन मला पहिल्यांदा दिसलं तेही कागदावरच. एकच ओळ चार-चारदा वाचायची आणि डोक्यात काही शिरायचं नाही. मग दोन वर्षांत दोन वेगवेगळ्या गोळ्या, पूर्ण डोसमध्ये, सांगितले तितके महिने घेऊन झाल्या. पहिलीने झोप सुधारली, दुसरीने तेवढंही केलं नाही. तेव्हा डॉक्टरांनी टीएमएस सुचवलं: डोक्यावर कॉइल (तारेचं वेटोळं) टेकवून, चुंबकीय पल्स म्हणजे क्षणभराचे झटके देऊन मेंदूचा ठरावीक भाग चेतवायचा. माझी तीस सेशन्स झाली, वर सहा. सुरुवातीला मला जे कुणी सांगितलं नव्हतं, ते इथे सांगते.

ताईने पहिला प्रश्न विचारला तो शॉक ट्रीटमेंटचा. दोन्ही वेगळं आहे. शॉक ट्रीटमेंटमध्ये, म्हणजे ईसीटीमध्ये, भूल देऊन मेंदूत मुद्दाम फिट आणतात. टीएमएसमध्ये भूल नसते, आपण पूर्ण जागे असतो, आठवणींना धक्का लागत नाही आणि सेशन संपलं की उठून आपल्या कामाला जाता येतं. पण म्हणून ईसीटीला वाईट ठरवू नका. खाणंपिणं सुटलंय, भास होतायत, जीव द्यायचे विचार थांबत नाहीत, अशा वेळी ते लवकर आणि जास्त खात्रीने काम करतं. टीएमएसचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. तसे विचार येत असतील तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा इमर्जन्सीला गाठा आणि तोवर एकटं राहू नका.

यंत्र काय करतं ते थोडक्यात. कॉइलमधून क्षणभर जोरदार वीज सोडली की तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलतं. ते हाडातून सहज पार होतं आणि खालच्या मेंदूत बारीकसा विद्युतप्रवाह निर्माण करतं. फॅरडेने 1831 मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. क्षेत्राची ताकद एमआरआयच्या तोडीची, साधारण दीड-दोन टेस्ला, पण एवढ्याशा जागेवर आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ. असर कवटीखाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच पोचतो. 1985 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी अशा कॉइलने माणसाच्या हाताचे स्नायू हलवून दाखवले. डिप्रेशनसाठी नेम धरतात तो कपाळाच्या वर, डाव्या बाजूच्या भागावर. त्या भागाचे धागे भावना सांभाळणाऱ्या खोलवरच्या भागांशी जोडलेले आहेत, त्यामुळे वरून रोज चेतवलं की हळूहळू आतही फरक पडतो. अमेरिकेत औषधं आणि उपचारयंत्रांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने 2008 मध्ये या उपचाराला परवानगी दिली.

आधी काय सांगायचं, काय विचारायचं

डोक्यात किंवा मानेत कुठलाही धातू असेल तर तो लपता कामा नये. कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र), मेंदूतल्या रक्तवाहिनीवर बसवलेली क्लिप, छर्रा किंवा धातूचा तुकडा, मेंदूत बसवलेला इलेक्ट्रोड यांपैकी काही असेल तर बहुधा टीएमएस करता येत नाही. पेसमेकर असेल तर तेही आधी सांगा. दातातलं साधं सिमेंट किंवा कॅप सहसा आड येत नाही. मी फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळी झाले होते. शेजारी बसलेल्या ताईला आठवलं की लहानपणी माझ्या कानाचं ऑपरेशन झालं होतं. जुने कागद काढले, आत काही बसवलेलं नाही याची खात्री झाली, मगच तारीख मिळाली. डिप्रेशनमध्ये आठवण दगा देते. फॉर्म भरताना घरचं कुणीतरी शेजारी हवंच.

दुसरी गोष्ट फिट्सची. सेशनमध्ये फिट येणं फार दुर्मीळ आहे, पण तो या उपचारातला सगळ्यात गंभीर धोका आहे. पूर्वी कधी फिट आली असेल, डोक्याला मोठी इजा झाली असेल, दारू नियमित असेल तर सांगा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी द्या. ब्युप्रोपिऑनसारखी काही औषधं फिटचा धोका वाढवतात, आणि झोपेच्या किंवा घबराटीच्या काही गोळ्यांनी टीएमएसचा गुण कमी होऊ शकतो. मात्र यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नका. तसं केल्यानेही फिट येऊ शकते.

आणि विचारा: कॉइलची जागा कशी ठरवणार? एका सेशनला किती पल्स? सुधारणा कशाने मोजणार? फिट आलीच तर खोलीत कोण असेल? एकूण खर्च किती, आणि मध्ये थांबलो तर पैशांचं काय? एका ठिकाणी मला ‘शंभर टक्के बरे व्हाल’ असं सांगितलं गेलं. तिथून आम्ही उठलो. गोळ्यांना दाद न दिलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना टीएमएसने ठळक फरक पडतो आणि साधारण एक तृतीयांश लोकांची लक्षणं जवळजवळ पूर्ण जातात. एवढं सरळ सांगणारा डॉक्टर निवडा.

खुर्चीत

पहिल्या दिवशी तुमच्या मेंदूला किती जोर लागतो ते शोधतात. कॉइल डोक्याच्या वरच्या भागावर सरकवत एकेक पल्स देतात आणि उजव्या हाताचा अंगठा कधी उडतो ते पाहतात. आपण न हलवता आपला अंगठा उडतो हे पाहून मी दचकले होते. दुखलं काहीच नाही. ज्या जोराला अंगठा उडतो तो तुमचा मोटर थ्रेशोल्ड. उपचार साधारण त्याच्या 120 टक्के जोराने करतात, कॉइल पुढे कपाळाकडे सरकवून.

माझं सेशन जुन्या पद्धतीचं होतं: चार सेकंद टकटक, सेकंदाला दहा पल्स, मग 26 सेकंद शांतता. अशा 75 फेऱ्या, म्हणजे 3000 पल्स आणि साडेसदतीस मिनिटं. थीटा बर्स्ट नावाच्या पद्धतीत 600 पल्स तीन मिनिटांत होतात. 2018 मध्ये चारशेहून जास्त रुग्णांवरच्या कॅनडातल्या अभ्यासात ती जुन्या पद्धतीपेक्षा कमी ठरली नाही. रोज तासभर काढणं जमत नसेल तर तिच्याबद्दल जरूर विचारा.

ते वाटतं कसं? टाइपरायटरची किल्ली कुणी कपाळावर एकाच जागी मारत राहावी तसं. भुवई फडफडते, कधी दात वाजतात. पहिले चार दिवस मला खूप टोचलं आणि मी दात आवळून बसले. ही माझी चूक. पाचव्या दिवशी सांगितलं तर टेक्निशियनने कॉइलचा कोन थोडा वळवला, जोर कमी करून दोन-तीन दिवसांत परत चढवला, आणि त्रास निम्म्यावर आला. दुखलं की लगेच हात वर करा. नंतर डोकं दुखलं तर कोणती साधी गोळी चालेल हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. मला दुसऱ्या आठवड्यानंतर तीही लागली नाही.

इयरप्लग रोज घाला, आवाज कानाला खरंच जोराचा असतो. कानातलं, केसांच्या पिना, चष्मा, श्रवणयंत्र काढा, फोन आणि कार्डं लांब ठेवा. झोपू नका. आदली रात्र जागून काढली असेल किंवा दारू घेतली असेल, तर खुर्चीत बसण्याआधी सांगा. त्या दिवशी सेशन पुढे ढकलणं परवडतं.

रोज जाणं

खरा कठीण भाग हा. आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे, आणि ज्या आजाराने अंथरुणातून उठवत नाही त्याच्यासाठी रोज उठायचं. बाराव्या दिवशी मी जाणार नव्हते. बारा दिवसांत काही झालं नाही, आता काय होणार, हे मला अगदी तर्कशुद्ध वाटत होतं. पण ताईशी आधीच ठरलं होतं की सकाळी ‘येतेस का?’ असं तिने विचारायचंच नाही. ‘निघू या’ एवढंच म्हणायचं. ज्या दिवशी बरं वाटत असेल किंवा कुणी धीराचं सोबत असेल, त्या दिवशी तीसही दिवसांचा निर्णय एकदाच घेऊन टाका. रोज सकाळी तो नव्याने घ्यायला लागला, तर आजार तुमच्या वतीने उत्तर देतो.

पहिले दोन आठवडे ‘मला बरं वाटतंय का?’ हा प्रश्न स्वतःला विचारू नका. दर आठवड्याला पीएचक्यू-9 ही डिप्रेशन मोजायची प्रश्नावली भरा. नऊ प्रश्न, शून्य ते 27 गुण, गुण जितके जास्त तितका आजार जास्त. माझे सुरुवातीला 21, दोन आठवड्यांनी 19, चौथ्याला 13, शेवटी 7. त्याहून कामाची ठरली ताईची वही. तिने रोज एकच ओळ लिहायची, तीही डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीची: आंघोळ किती वाजता, फोन उचलला का. सतराव्या सेशनच्या दिवशीची ओळ आहे, ‘दवाखान्याच्या पाटीवरची वेलांटी चुकलीय म्हणाली.’ मला ते आठवतही नाही. माझं मला कळलं एकोणिसाव्या दिवशी, जेव्हा खुर्चीत बसल्याबसल्या मी म्हणाले, ‘कॉइल आज थोडी मागे आहे.’ टेक्निशियनने मोजलं, ती खरंच मागे होती. महिन्यापूर्वी मी गप्प बसून राहिले असते.

शेवटची सहा सेशन्स तीन आठवड्यांत विरळ करत नेली: तीन, दोन, एक. गोळी चालूच राहिली, समुपदेशनही. तीस सेशन्सनंतर काहीच हललं नाही, तर ती तुमची कसूर नाही. काहींना थोडी आणखी सेशन्स देतात, काहींसाठी दुसरं औषध किंवा ईसीटी हा पुढचा रस्ता असतो. तो विषय डॉक्टरांकडे तुम्हीच काढा.

गुण आला तरी काहींचं दुखणं काही महिन्यांनी परत डोकं वर काढतं, आणि पहिल्यांदा उपयोग झालेल्यांना पुन्हा टीएमएस दिलं तर बहुतेकदा होतो. म्हणून निघताना लेखी मागून घ्या: मोटर थ्रेशोल्ड किती होता, कॉइल कुठे आणि कशी मोजून ठेवली, कोणती पद्धत, किती पल्स, दर आठवड्याचे गुण. माझा तो कागद ताईच्या वहीत, शेवटच्या पानाला चिकटवलेला आहे.