वर्गमूळ असलेली समीकरणे कशी सोडवावीत?

समीकरणात वर्गमूळ दिसलं की लगेच दोन्ही बाजूंचा वर्ग करायला हात शिवशिवतात. जरा थांबा. आधी वर्गमूळ एका बाजूला एकटं काढा.

√(२क्ष + ३) − १ = ४ हे घ्या. वजा १ उजवीकडे नेला की √(२क्ष + ३) = ५. आता वर्ग करा: २क्ष + ३ = २५, म्हणून क्ष = ११. वजा १ तिथेच ठेवून वर्ग केला असता, तर विस्तारातल्या मधल्या पदात वर्गमूळ पुन्हा हजर! बरेच विद्यार्थी ते पदच गाळतात आणि गणित तिथेच फसतं.

कधीकधी वर्ग करायची वेळच येत नाही. √क्ष + ६ = २ मध्ये √क्ष = −४ येतं. √ या चिन्हाने धन वर्गमूळ (किंवा शून्य) घ्यायचं असतं, त्यामुळे इथे उकलच नाही.

खरी गंमत पुढे आहे. √(क्ष + ७) = क्ष − ५. वर्ग केल्यावर क्ष + ७ = क्ष² − १०क्ष + २५, म्हणजे क्ष² − ११क्ष + १८ = ०. अवयव पाडले की (क्ष − ९)(क्ष − २) = ०. उत्तरं दोन, ९ आणि २. आता ताळा करा, पण तो मूळ समीकरणात. ९ घातल्यावर दोन्हीकडे ४ येतात, ठीक. २ घातल्यावर डावीकडे ३ आणि उजवीकडे −३! ३ आणि −३ यांचा वर्ग एकच, ९. त्यामुळे √(क्ष + ७) = −(क्ष − ५) या भलत्याच समीकरणाची उकल वर्ग करताना आत घुसली. २ खोडा. माझ्या मते ताळा न केलेलं असं गणित अर्धवटच.

दोन वर्गमुळं असतील तर एक पलीकडे न्या आणि दोनदा वर्ग करा. √(क्ष + ५) + √क्ष = ५ मध्ये √(क्ष + ५) = ५ − √क्ष; वर्ग केल्यावर क्ष दोन्हीकडून जातो, १०√क्ष = २० उरतं आणि क्ष = ४.

हीच रीत लंबकालाही लागते. एका पूर्ण आंदोलनाला २ सेकंद हवेत, तर लंबकाच्या सूत्रावरून २ = २π√(लांबी ÷ ९.८); इथे लांबी मीटरमध्ये आणि ९.८ म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे येणारं त्वरण. २π ने भागा, वर्ग करा: लांबी = ९.८ ÷ π², सुमारे ०.९९ मीटर. दोऱ्याला जड नट बांधा, टांगलेल्या टोकापासून नटाच्या मध्यापर्यंत ९९ सेंटिमीटर मोजा आणि हलकेच झोका द्या. दहा आंदोलनांना घड्याळात साधारण २० सेकंद लागले पाहिजेत.