०.७३ खरं म्हणजे किती आणे? आकडा मांडायची रीत

‘उद्या इंदुरात पाऊस पडेल : ०.७३.’ ‘पोह्यांवर जिरावण (इंदुरी मसाला) जास्त झालंय : ०.७३.’ आकडा एकच, पण मोजलंय वेगवेगळं. म्हणून आधी हे विचारा : सगळी माहिती हाती आली, तर आकडा ० किंवा १ वर जाईल का? पावसाचा जाईल, म्हणजे तो विश्वासाचा आकडा. जिरावण चमच्याने मोजलं तरी ‘जास्त’ हा शब्द अंधुकच राहतो, म्हणजे तो सत्यतेचा.

मग विधान घट्ट करा. इंदुरातच विजयनगर भागात लोक भिजतात तेव्हा अन्नपूर्णा भागात धूळ उडत असते. कुठला पर्जन्यमापक, सकाळी ८.३० ते दुसऱ्या सकाळी ८.३०, निदान २.५ मिलिमीटर : हे सगळं लिहा. हवामान खात्याचा ‘पावसाचा दिवस’ याच मापाचा.

आता दशांश सोडा, आणे घ्या; ‘सोळा आणे खरं’ आपण म्हणतोच. पाऊस पडल्यास १६ आणे देणारी चिठ्ठी जास्तीत जास्त कितीला घ्याल? समजा ९. तीच दुसऱ्याला कमीत कमी कितीला विकाल, पडल्यास १६ आणे तुम्ही भरायचे? १२. तर तुमचा विश्वास ९ ते १२ आणे, म्हणजे सुमारे ०.५६ ते ०.७५. मधला आकडा काढू नका. माहिती किती तोकडी आहे ते ही फटच सांगते. ९ की साडेनऊ, यावरही डोकं फोडू नका.

खरी गडबड जोडताना होते. ‘तिखट ०.६’ आणि ‘गरम ०.४’ हे सत्यतेचे आकडे : लोत्फी झादे यांच्या १९६५ च्या फझी (अंधुक शब्दांच्या) पद्धतीत दोन्ही मिळून लहान आकडा, ०.४. (‘तिखट आहे आणि नाहीही’ यालाही तिथे ०.४ मिळतात!) विश्वासाला हा नियम लावू नका. ०.६ आणि ०.४ विश्वासाच्या घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर दोन्ही घडण्याला ०.२४, संबंध माहीत नसेल तर ० ते ०.४ मधलं काहीही.

वहीत एका आकड्यात दिलेल्या प्रत्येक अंदाजापुढे ब्रायर गुण (१९५०) लिहा : अंदाज आणि निकाल (घडलं तर १, नाही तर ०) यांतल्या फरकाचा वर्ग; जितका कमी तितका चांगला. ०.७ म्हटलं आणि पडला तर ०.०९, नाही पडला तर ०.४९. कायम ०.५ म्हणणाऱ्याला ०.२५. शंभरेक नोंदी झाल्या की अंदाज जवळच्या आण्यात बसवून गुणांची सरासरी पुन्हा काढा. ती वाढली नाही, तर शेवटचा दशांश शोभेचा होता. पंचवीस नोंदींवर घाई नको : ०.७ च्या अंदाजांत प्रत्यक्ष पाऊस पडण्याच्या प्रमाणात साधारण ०.०९ चा फरक नुसत्या योगायोगाने पडतो.

टोकांना मात्र आणे चालत नाहीत. ०.९९ आणि ०.९९९, दोन्ही सोळा आणेच होतात. पण गॅसची नळी गळण्याचा धोका शंभरात एक की हजारात एक, हा दहापटीचा फरक आहे. तिथे तसंच लिहा.