इंदूरभोवतीच्या सोप्या रानवाटा: या चुका टाळा

इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर वसलेले आहे आणि शहराबाहेर पडल्यावर सोयाबीन-गव्हाची सपाट शेते लागतात, त्यामुळे येथील भटकंती म्हणजे जेवणानंतरच्या शतपावलीचाच मोठा प्रकार, असा समज होणे स्वाभाविक आहे. मात्र दक्षिणेला महू आणि सिमरोलच्या पलीकडे हे पठार विंध्याच्या कड्याशी एकाएकी संपते. पाण्याच्या वाटाही तेथेच वेगळ्या होतात: जानापावच्या डोंगरात उगम पावणारी चंबळ उत्तरेकडे वळते, तर चोरल नदी दक्षिणेला घाट उतरून नर्मदेला मिळते. सोपी वाट निवडताना बहुतेक जण किलोमीटर मोजतात. खरे तर आपण कड्याच्या अलीकडे चालणार आहोत की पलीकडे, हे आधी पाहावे, कारण पठारावरचे पाच किलोमीटर आणि दरीतले पाच किलोमीटर यांची तुलनाच होऊ शकत नाही.

घरातील ज्येष्ठ मंडळी आणि लहान मुले बरोबर असतील, तर पहिली भटकंती कड्यावरून दरीत कोसळणाऱ्या पातालपाणी किंवा तिंछ्या धबधब्याला ठरवणे ही निवडीतली चूक होय. त्यापेक्षा बायपासजवळचे रालामंडल अभयारण्य बरे. १९८९ साली घोषित झालेल्या या छोट्या अभयारण्यात टेकडीच्या माथ्यावरील होळकरांच्या शिकारखान्यापर्यंत चांगली वाट आहे आणि चढ दमवणारा असला तरी फसवा नाही. अगदीच सपाट हवे असेल, तर हातोदकडचे गुलावट आहे, जेथे यशवंत सागर जलाशयाच्या फुगवट्याकाठी कमळे आणि बांबूचे बन आहे. कमळे उमललेली पाहायची असतील तर सकाळी लवकर पोहोचावे. दुपारी पोहोचून निराश होणारे लोक उगाच जागेला दोष देतात. तेथे धोका आहे तो काठच्या गाळाचा: वरून वाळलेला दिसणारा चिखल पाय देताच गुडघ्यापर्यंत आत घेतो, म्हणून फोटोसाठी पाण्याच्या कडेला जाण्याचा मोह आवरावा.

सर्वांत महाग पडणारी चूक पाण्याची आहे. जुलै २०११ मध्ये पातालपाणी येथे सहलीला आलेले एक कुटुंब अचानक आलेल्या लोंढ्यात धबधब्याच्या माथ्यावर अडकले आणि वाहून गेले. त्यानंतरही प्रत्येक पावसाळ्यात लोक त्याच तऱ्हेने खडकांवर जाऊन बसतात, कारण डोक्यावर ऊन असते आणि पाणी घोट्याएवढेच असते. आपल्या डोक्यावर पाऊस नसणे याला येथे काहीही अर्थ नाही. पाऊस वर पठारावर पडतो, काळी माती एकदा पाणी पिऊन तुडुंब झाली की पुढचा प्रत्येक थेंब ओढ्यात उतरतो, आणि काळ्या पाषाणाच्या अरुंद पात्रात ते सारे पाणी एकदम चढते. नितळ पाणी गढूळ होऊ लागले, पालापाचोळा आणि काटक्या वाहत आल्या, फेस दिसला किंवा पाण्याचा आवाज जड झाला, तर सामान गोळा करण्यात वेळ न घालवता काठाच्या उंच बाजूला चढावे. मधल्या खडकावर थांबू नये. धबधब्याच्या वरच्या अंगाला तर पाणी कितीही कमी असो, ओलांडूच नये, कारण तेथे घसरलेल्या माणसाला सावरायला जागाच उरत नाही.

ओढा ओलांडण्याआधी जाण्याचा नव्हे, परतण्याचा विचार करावा. सकाळी सहज पार केलेला ओढा दुपारच्या सरीनंतर वाट अडवतो आणि मग संध्याकाळ होण्याच्या भीतीने माणसे पाण्यात उतरतात. असे अडकल्यास उंचावर बसून राहणे हाच उपाय आहे. लहान ओढ्याचे पाणी पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत उतरते. जवळपास गुराखी असेल तर त्याला ‘दादा, पानी कब उतरेगा?’ असे सरळ विचारावे. अंतर मात्र त्याला विचारू नये, कारण ‘बस, पास ही है’ या उत्तराचा पल्ला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कितीही असू शकतो. किती वेळ लागेल, हे विचारल्यास उत्तर बरेच नेमके मिळते.

इंदूरकरांची एक खास चूक म्हणजे वाटेच्या मध्यावर दाल-बाफल्यांचा, म्हणजे डाळ आणि गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, बेत. तुपात बुडवलेले बाफले खाल्ल्यावर कोणालाही झाडाखाली आडवे व्हावेसे वाटते, आणि दरीतल्या वाटेवर परतीचा चढ नेमका त्यानंतर येतो. वाटेत दशम्या, चिवडा, केळी पुरेशी आहेत. बाफले परत आल्यावर गाडीजवळ खावेत. शिवाय फेब्रुवारीपासून सागाची मोठी पाने गळून जमिनीवर कुरकुरीत थर साचतो, अशा वेळी गोवऱ्यांचा विस्तव पेटवणे म्हणजे वणव्याला आमंत्रणच असते. राखीव जंगलात आग पेटवणे हा गुन्हाही आहे.

पावसाळ्यात बुटांना चिकटणारी काळी माती हा लहान वाटणारा, पण दम काढणारा त्रास आहे. शंभर पावलांत प्रत्येक बुटाखाली किलोभर चिखल जमतो, आणि तळव्याच्या खोल खाचा उपयोगी पडण्याऐवजी तो धरूनच ठेवतात. गवताच्या कडेने किंवा मुरमाच्या गाडीवाटेने चालावे, आणि चिखल काठीने वेळच्या वेळी काढावा. पेरलेल्या शेतातून आडवे जाऊ नये, बांधावरून जावे. बांधावरच्या तारांना हातही लावू नये, कारण रोजडे (नीलगायी) आणि रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी काही ठिकाणी बेकायदा वीज सोडलेली असते आणि ती दिसत नाही.

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कुसळी गवत पिकते. त्याचे कुसळ जवळून पाहण्यासारखे असते: टोकाला सुईसारखे बी आणि मागे पिळलेली लांब शेपटी. ओल लागली की ही शेपटी उलगडत फिरते, वाळली की पुन्हा पिळते, आणि या फिरण्याने बी जमिनीत रुजण्याऐवजी आपल्या मोज्यात घुसते. लोकरीचे किंवा जाड विणीचे मोजे त्याला फार आवडतात. गुळगुळीत कापडाची पायघोळ विजार मोज्यांवर सोडावी. टोचलेली कुसळे ओढताना टोक आतच तुटते, म्हणून मोजा उलटा करून बी आत गेले त्याच दिशेने पुढे काढावे.

वीज चमकल्यावर एकट्या मोहाच्या झाडाखाली धाव घेणे ही जुनी सवय सोडावी. वीज पडून होणाऱ्या मृत्यूंत मध्य प्रदेशचा क्रमांक देशात वरचा आहे. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे.

पातालपाणीहून दरीतल्या कालाकुंड स्थानकाला रुळांवरून चालत जाण्याची पद्धत अनेकांना रोमांचक वाटते. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे दंडनीय आहे, आणि पुलावर किंवा बोगद्यात बाजूला व्हायला जागा नसते. कालाकुंडचा पळसाच्या पानातला कलाकंद खाण्यासाठी जायचेच असेल, तर रेल्वेगाडी सुरू असताना तिने जावे, अन्यथा रस्त्याने. या दरीत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्यावा आणि परतण्याची वेळ घरी सांगून ठेवावी. डिसेंबरात इंदूरला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, दरीत मात्र अंधार त्याआधीच उतरतो, आणि महू-चोरलच्या जंगलात बिबटे आहेत.

सर्पदंश झाल्यास दोरी आवळणे, चीर देणे, रक्त चोखणे, सापाला मारून बरोबर नेणे, हे काहीही करू नये. अंगठी, घड्याळ, पैंजण लगेच काढावेत, दंश झालेला अवयव काठीच्या आधाराने न हलेल असा बांधावा, रुग्णाला चालू देऊ नये, आणि १०८ ला फोन करून प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. रेंज नसेल तर दोघांनी रुग्णाजवळ थांबावे आणि एकाने उंचावर जाऊन फोन करावा. म्हणूनच अशा वाटेवर चारपेक्षा कमी जणांनी जाऊ नये.