तरुण वयातला मिनी स्ट्रोक कसा ओळखावा?

तिशीतल्या माणसाच्या हातातून मोबाइल अचानक निसटतो, जीभ जड होते आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. ‘झोप झाली नसेल’ म्हणून विषय तिथेच संपतो. घात होतो तो इथेच. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडून पुन्हा सुरू झाला, की असं घडतं. हाच मिनी स्ट्रोक; डॉक्टर याला टीआयए (ट्रान्झियंट इस्केमिक अटॅक) म्हणतात. त्यानंतर मोठ्या स्ट्रोकचा धोका पहिल्या 48 तासांत सर्वाधिक असतो. म्हणून बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

1. आधी वेळ नोंदवा
माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता, हे लिहून ठेवा. लक्षणं अजून चालू असतील तर ती ओसरायची वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. आपल्या मनाने अ‍ॅस्पिरिन देऊ नका. मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे स्कॅनशिवाय कळत नाही.

2. चेहरा, हात, बोलणं
हसायला सांगा, डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक वाक्य म्हणवून घ्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एक हात खाली घसरला किंवा बोबडी वळली, तर संशय पक्का. पण एवढ्यावर थांबू नका. एका डोळ्यासमोर पडदा पडल्यासारखं होणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, अचानक तोल जाणं ही लक्षणं या चाचणीतून निसटतात, आणि तरुणांमध्ये ‘नुसती चक्कर’ म्हणून सोडूनही दिली जातात.

3. सारखी दिसणारी दुखणी
सगळ्यात जास्त गोंधळ मायग्रेनचा. त्यात चमचमत्या नागमोडी रेषा दिसतात किंवा मुंग्या बोटांपासून हळूहळू चेहऱ्याकडे सरकतात. पसरायला काही मिनिटं जातात. टीआयएमध्ये बहुधा सगळं एकदम येतं आणि काहीतरी ‘जातं’: ताकद, दृष्टी, शब्द. घाबरून जोरजोरात श्वास घेतल्यावर मुंग्या बहुतेक दोन्ही हातांना आणि ओठांभोवती येतात. रक्तातली साखर उतरली तरी स्ट्रोकसारखी लक्षणं दिसू शकतात, म्हणून ती लगेच मोजावी. हे फरक डॉक्टरांना नीट सांगण्यासाठी आहेत, घरबसल्या निदान करण्यासाठी नाहीत.

4. डॉक्टरांना न विचारताही सांगा
मानेला नुकताच हिसका बसला होता का, मान किंवा डोक्याची मागची बाजू दुखतेय का? मानेतल्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटणं हे तरुणांमधल्या स्ट्रोकचं महत्त्वाचं कारण आहे, आणि त्याला किरकोळ झटकाही पुरतो. गर्भनिरोधक गोळ्या, धूम्रपान, नुकतंच झालेलं बाळंतपण, वारंवार गर्भपात, छातीत धडधड, नशेचे पदार्थ, यातलं काहीही लपवू नका.

5. तपासण्या
सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून टीआयए नाही असं ठरत नाही. लहानशी इजा एमआरआयमध्ये जास्त चांगली दिसते. सोबत मान आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी, ईसीजी, गरज पडल्यास जास्त दिवसांचं हृदयठोक्यांचं रेकॉर्डिंग आणि रक्त गोठण्याच्या चाचण्या होतात. हृदयाच्या पडद्यात छिद्र आहे का, हे इकोमध्ये (हृदयाची सोनोग्राफी) बबल टेस्टसह, म्हणजे शिरेतून बारीक बुडबुडे असलेलं सलाईन देऊन, पाहतात. धोका मोजण्याच्या एका प्रचलित गुणपद्धतीत वयाचा गुण साठीपासून मिळतो, त्यामुळे तरुणाची बेरीज कमी भरते. ‘तणाव असेल’ म्हणून घरी पाठवत असतील तर स्पष्ट विचारा: मानेच्या रक्तवाहिन्या पाहिल्या का, एमआरआय का नको, आणि न्यूरॉलॉजिस्टना कधी दाखवायचं?