गणवेशधारी दलाची बदलती ओळख कशी तपासावी

टिळकवाडीतील काँग्रेस विहीर पाहून १९२४ च्या बेळगाव अधिवेशनाचा अभ्यास करणाऱ्याने अध्यक्ष महात्मा गांधींपाशी न थांबता हिंदुस्थानी सेवा दल या काँग्रेसशी जोडलेल्या स्वयंसेवक दलाचाही माग काढावा. प्रथम स्थापनेचे निमित्त पाहावे; शिस्तबद्ध स्वयंसेवक हवेत म्हणून डॉ. ना. सु. हर्डीकरांनी ते १९२३ मध्ये उभारले. मग सूत्रे कोणाकडे गेली ते तपासावे, कारण १९३१ मध्ये दल काँग्रेसच्या थेट अखत्यारीत आले. कवायत तीच म्हणून ओळखही तीच, असे मानू नये (ही चूक फार होते). निमलष्करी दलांनाही हीच कसोटी लावावी: मध्य प्रदेशातील नीमचला १९३९ मध्ये उभे राहिलेले ब्रिटिश राजवटीचे क्राउन रिप्रेझेंटेटिव्ह पोलीस १९४९ च्या कायद्याने केंद्रीय राखीव पोलीस दल झाले, दल तेच, धनी बदलला. घरातल्या ट्रंकेत जुना बिल्ला सापडलाच, तर त्यावरचे नाव आधी टिपून घ्यावे.